चुंबकांतील खरखर

विजा चमकत असतां रेडिओवरील बातम्या ऐकणाऱ्यास खरखर म्हणजे काय, हें सांगावयास नको. मेंदूचें चित्र काढणारें एम. आर. आय. यंत्रही एका अर्थानें रेडिओच होय. त्याच्या प्रबळ चुंबकांत शरीरांतील हायड्रोजनचे कण क्षीण रेडिओलहरी परत पाठवितात. दीड टेस्लाच्या चुंबकांत त्यांची कंपनसंख्या सेकंदास सुमारें ६ कोटी ४० लक्ष असते. त्यांतही खरखर मिसळतेच.

वर्गमूळ शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तरास पुढील नियम ओळखीचा वाटतो : खरखरीचें प्रमाण निम्म्यावर आणावयाचें, तर मोजमापास चौपट वेळ द्यावा लागतो. परंतु मेळघाटांतून अमरावतीस किंवा अकोल्यास आणलेल्या कंपवाताच्या वृद्धानें इतका वेळ निश्चल कसें पडून राहावें? म्हणून थोड्या वेळांत खरखरीचें चित्र घ्यावयाचें व संगणकाकरवीं तें स्वच्छ करावयाचें, अशी विद्या निघाली आहे. दुसरा संगणक त्याच चित्रांत गाठ, डाग वा रक्तस्राव हुडकतो. मुंबईच्या 'क्युअर डॉट एआय' या कंपनीनें क्ष-किरणांच्या सी. टी. चित्रांबाबत असें कार्य केलें. भारतांतील डोक्याच्या ३,१३,३१८ चित्रांवर आधारलेला तिचा निबंध २०१८ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला.

लाभ मोठा, तशीच सावधगिरीही मोठी हवी. आपल्या रिद्धपूरच्या जुन्या पोथ्या आठवा. नक्कल करणारा पुसट अक्षराच्या जागीं परिचित शब्द घालतो. पान सुवाच्य होतें, पाठ मात्र बदलतो. २०२० सालीं फेसबुक व न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनीं मेंदूच्या चित्रांची स्पर्धा घेतली, तेव्हां कांहीं पद्धतींनीं मुळांत नसलेल्या रचना चित्रांत उमटविल्याचें आढळलें. उलट, बारीकसा डाग खरखर समजून पुसला गेला, तर पुढचा संगणक कितीही चतुर असो, त्यास तो दिसणार कोठून?

म्हणून मूळ मोजमाप जतन करावें, स्वच्छ केलेल्या चित्रावर तशी नोंद असावी, आणि 'दोष नाहीं' हा निर्णय वैद्यानें रोग्याच्या लक्षणांशीं ताडून द्यावा. 'हें चित्र संगणकानें साफ केलें आहे काय?' असें नम्रपणें विचारण्यांत डॉक्टरांचा अनादर नाहीं. सुंदर चित्र आणि खरें चित्र यांतील अंतर रोग्याच्या जिवाएवढें असूं शकतें.