बांधावरच्या बाभळीचे कातकामासाठी ठोकळे

(चारठाणा, ता. जिंतूर येथील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पीक उत्पादनाच्या माणसाने लाकडावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु बांध हा शेताचाच भाग आहे आणि बांधावरचे झाड हे वीस-पंचवीस वर्षांचे पीक आहे. सोयाबीनचे पोते बाजारात नेताना आपण ओलावा विचारतो, काडीकचरा पाहतो, दोन अडत्यांकडे भाव काढतो. बाभळीचे झाड मात्र उभ्या उभ्या उक्ते देऊन टाकतो. घेणारा कटर मशीन घेऊन येतो, दोन तासांत तुकडे करून ट्रॅक्टरमध्ये भरतो, आणि चांगला सरळ बुंधा आणि वाकड्या फांद्या एकाच भावाने जळणात जातात. माझ्या मते या व्यवहारात सर्वांत मोठे नुकसान बुंध्याच्या पहिल्या पाच-सहा फुटांचे होते. त्याविषयीच आज बोलायचे आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. ठोकळ्यांसाठी झाड तोडा असे मी सांगत नाही. वादळाने पडलेले, विहिरीच्या कामात आलेले, वाळलेले किंवा रस्त्यात गेलेले झाड असेल तर त्याचे काय करावे, एवढाच विषय आहे. दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, खैर, चंदन ही झाडे आहेत. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. तरीपण गावाबाहेर माल न्यायचा असल्यास वाहतुकीचा पास लागतो किंवा कसे, हे वनखात्याच्या कार्यालयात अगोदर विचारून घ्यावे. माल भरलेली गाडी नाक्यावर अडकल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

कातकाम म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणे. आपल्याकडे हे काम कातारी करीत. पूर्वी एकाने दोरी ओढून लाकूड फिरवायचे आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. पुढे विजेच्या मोटारीवरचे लेथ आले. लाटणे, पोळपाट, रवी, पलंगाचे आणि पाळण्याचे खूर, भोवरे, खुंट्या ही सगळी त्यांची कामे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबाही गोल, आणि तो बहुधा बाभळीचा. गाड्यांना रबरी टायर आले तसे तुंब्याचे काम जवळजवळ संपले, आणि त्याबरोबर बाभळीचा निवडक बुंधा राखून ठेवण्याची गावातली रीतही गेली. लाटण्या-पोळपाटाची गरज मात्र घरोघर तशीच आहे.

आपल्या राज्यात या कामाचे नावाजलेले ठिकाण म्हणजे सावंतवाडी. तेथील लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत. फळांसाठी पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड वापरले जाते. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील रंगीत खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, एकसारख्या पोताच्या लाकडापासून बनतात, आणि ते लाकूडही प्रथम दोन-तीन महिने वाळवावे लागते. म्हणजे सागावाचूनच ही कामे होतात असे काही नाही. आपल्या बांधावर बाभूळ आहे, कडुनिंब आहे, बोर आहे, कुठे आंबा व चिंच आहे. यांपैकी बाभूळ जड, चिवट व टिकाऊ. लाटणे, खूर व हत्यारांचे दांडे यांना उत्तम. आंबा कातायला सोपा, परंतु ओला पडून राहिला की आठवड्यातच निळा-काळा डाग धरतो. चिंच कठीण, मुसळाला आणि घाण्याला चांगली, पण तिच्या पांढऱ्या लाकडाला कीड फार.

आता मुख्य प्रश्न. ओंडका तसाच ठेवला तर फुटतो का? बुंधा झाडाखाली टाकून दिला की उन्हाळ्यात त्याच्या तोंडाला मधून सालीपर्यंत चिरा पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचे कारण चाकाच्या भाषेत सांगतो. ओंडक्याचे तोंड हे चाक समजा. मधला भेंडाचा ठिपका म्हणजे तुंबा, तेथून सालीकडे जाणारी दिशा म्हणजे आरे, आणि वाढीच्या वलयांची गोल दिशा म्हणजे धाव. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. आऱ्यांच्या दिशेने ते आकसते, आणि धावेच्या दिशेने ढोबळमानाने त्याच्या दुप्पट आकसते. धाव आखूड झाली आणि आरे तेवढेच राहिले तर धाव फुटणारच. म्हणून अखंड गोल ओंडका वाळवून त्यातून वस्तू करू, हा विचार सोडून द्यावा. ओंडका भेंडातून उभा चिरला की हा ताण मोकळा होतो. तुंबा यातून सुटायचा, कारण त्याला मधोमध भोक पडते आणि भेंड आपोआप निघून जाते.

आकसणेही लगेच सुरू होत नाही. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते. ओलावा साधारण 25 ते 30 टक्क्यांच्या खाली आला, म्हणजे पेशींच्या भिंतींतले पाणी जाऊ लागले, की आकसणे सुरू होते. तोंडाकडून पाणी सर्वांत जलद उडते, त्यामुळे तेथे ही पातळी पहिल्याच काही दिवसांत येते. मे महिन्यातल्या उन्हात तर सकाळी कापलेल्या ओंडक्याला संध्याकाळी बारीक चिरा दिसू शकतात. तेव्हा कापल्याबरोबर दोन्ही तोंडे बंद करावीत. वितळलेले मेण सर्वांत चांगले. जुना ऑइलपेंट दोन हात देऊनही चालतो. काहीच नसेल तर शेण-मातीचा जाड लेप द्यावा, तो सुकून निघाला की पुन्हा द्यावा. साल आणि बाजू यांना काही लावायचे नाही, कारण तेथूनच लाकूड हळूहळू वाळायचे असते.

येथे समोर बाभळीचे खोड ठेवले आहे ते पाहू. घेर मोजून व्यास 14 इंच येतो, सरळ लांबी 6 फूट. करवत लावण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. बांधावरच्या झाडात खिळे, कुंपणाची तार, जनावरे बांधायची कडी असे लोखंड हमखास असते आणि लाकूड वाढून ते आत गडप होते. बाभळीत टॅनिन भरपूर असते, आणि लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळा-निळा डाग पडतो. तोंडावर असा डाग दिसला तर त्या रेषेत लोखंड आहे असे समजावे. तेवढा भाग बाजूला ठेवावा. सॉ मिलवाल्याचे पाते तुटले तर पुढच्या वेळी तो आपला माल उतरवूनच घेणार नाही.

दोन्ही टोकांचे तीन-तीन इंच टाकून दिले तर 66 इंच राहतात. लाटण्याची लांबी 14 इंच धरली तर तुकडा 16 इंचांचा घ्यावा, म्हणजे दोन्हीकडे एकेक इंच चिरांसाठी सुटतो. करवतीची वाट धरूनही 16 इंचांचे चार तुकडे बसतात. प्रत्येक तुकडा उभा करून भेंडातून पाचर ठोकून दोन भाग करावेत, आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन. घण आणि पाचरीने फोडणे करवतीपेक्षा मला येथे अधिक पसंत आहे. फूट धाग्याबरोबर जाते, त्यामुळे ठोकळ्यात धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहतो. करवत सरळ जाते, धागा तिरका असला तरी ती तो कापून टाकते, आणि असा दांडा किंवा लाटणे पुढे नेमके तेथेच मोडते. ज्या तुकड्यात मोठी गाठ आहे किंवा धागा पिळलेला आहे तो फुटतानाच वाकडा जातो. त्याला खुशाल जळणात टाकावे.

पाव भागातून भेंडाकडचा अर्धा इंच आणि सालीखालचे पांढरे लाकूड वाकसाने काढून टाकावे. राहिलेल्या तांबूस लाकडातून, म्हणजे नारेतून, सव्वादोन इंच चौरस असे दोन किंवा तीन ठोकळे निघतात. म्हणजे एका तुकड्यातून आठ ते बारा. कातून झालेले लाटणे दीड इंचाचे असले तरी ठोकळा सव्वादोन इंचांचाच ठेवावा, कारण वाळताना थोडा आकसेल, थोडा वाकेल आणि कातताना गोल करण्यात कोपरे जातील.

वाडगा किंवा काठवटीसारखी पसरट वस्तू करायची असेल तर कापण्याची पद्धत वेगळी. तुकड्याची लांबी वस्तूच्या व्यासापेक्षा दोन इंच जास्त घ्यावी, तो भेंडातून उभा चिरून दोन भाग करावेत, आणि चिरलेल्या बाजूने एक इंच लाकूड काढून भेंड पूर्ण घालवावे. मग कोपरे उडवून गोल करावे. अशी वस्तू ओली असतानाच जाडसर कातून ठेवण्याची चांगली रीत आहे: व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवायची, 10 इंचांच्या वाडग्याला एक इंच. पातळ झाल्याने ती लवकर वाळते, अंडाकृती होते पण सहसा फुटत नाही, आणि वाळल्यावर पुन्हा कातून गोल करतात. पोळपाटाच्या फळ्यांचे एवढेच सांगतो की, फळी वाळताना तिची सालीकडची बाजू खोलगट होते. तेव्हा सव्वा इंचाच्या पोळपाटाला दोन इंच जाड फळी ठेवावी आणि 14 इंची खोडातून मोठ्या पोळपाटाची आशा धरू नये.

पांढरे लाकूड काढायला मी सांगितले त्याचे कारण कीड. त्यात स्टार्च असतो आणि पीठ पाडणारे भुंगेरे त्यावरच जगतात. कोपऱ्यात ठेवलेल्या बाभळीखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसते ती यांचीच. बाभळीचे लाकूड काही महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची आपली जुनी पद्धत याच किडीवरचा उपाय आहे, आणि ती योग्य आहे. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात ओले ठोकळे बुडविण्याची शिफारस आपण वाचली असेल. पलंगाच्या खुरांना ते ठीक आहे. लाटणे, पोळपाट, रवी यांच्या ठोकळ्यांना मात्र कोणतेही औषध लावू नये. अवसेला तोडलेले लाकूड किडत नाही का, असेही नेहमी विचारले जाते. तिथीपेक्षा हंगाम पाहावा, असे माझे मत आहे. हिवाळ्यात तोडलेले लाकूड सावकाश वाळते आणि चिरा कमी पडतात.

ठोकळे गोठ्याच्या किंवा शेडच्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच विटांवर रचावेत. प्रत्येक थरामध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या ठेवाव्यात आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत असाव्यात, नाहीतर ठोकळे वाकतात. वारा खेळला पाहिजे, पण उन्हाळ्यातली झळ थेट लागता कामा नये. त्या बाजूला तरटाचा पडदा पुरतो. वर जड दगड ठेवावा. कापल्याची तारीख व झाडाचे नाव तोंडावर रंगाने लिहावे. विटांवर वाळवीचे मातीचे घर चढते का हे पंधरा दिवसांनी पाहत जावे.

वाळले केव्हा म्हणायचे? हाताला कोरडे लागले म्हणजे वाळले असे नव्हे. थप्पीतले दोन-तीन ठोकळे खूण करून किराणा दुकानाच्या काट्यावर दर पंधरवड्याला तोलावेत. वजन उतरत आहे तोवर पाणी जात आहे. लागोपाठ तीन तोलांत वजन तेच राहिले की तेथील हवेशी त्याचे जमले. टक्केवारी हवी असेल तर हिशेब सोपा आहे: गेलेले पाणी भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचे वजन, गुणिले शंभर. 700 ग्रॅमचा ठोकळा भट्टीत पूर्ण वाळवून 500 ग्रॅम भरला तर त्यात 40 टक्के ओलावा होता. पावसाळ्यात हेच वजन पुन्हा थोडे वाढते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

लेथ आपण स्वतः घ्यावे का? दोन झाडांसाठी घेऊ नये. कातायला हात बसावा लागतो आणि सैल बाही किंवा उपरणे फिरत्या लाकडात अडकले तर अपघात मोठा होतो. चिरा नसलेला, नारेचा, मापाचा आणि वाळलेला ठोकळा नगावर विकणे हा शेतकऱ्याला जमण्यासारखा व्यवहार आहे. कातकाम करणाऱ्याला किंवा फर्निचरच्या कारखान्याला आधी दहा ठोकळ्यांचा नमुना दाखवावा, माप त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि मगच पुढचा बुंधा कापावा. आपण आपल्या मनाने कापलेले माप त्यांच्या कामाचे असेलच असे नाही.

राहिली साल, ढलप्या आणि भुसा. साल चामडे कमावणाऱ्यांना लागते, ढलप्या चुलीत जातील. भुसा मात्र तसाच शेतात पसरू नये. त्यात कर्ब अतिशय जास्त व नत्र अगदी कमी असते, त्यामुळे तो कुजविणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. भुसा गोठ्यात जनावरांखाली अंथरावा, मूत्र शोषून ओला झाला की शेणाबरोबर खड्ड्यात टाकावा आणि पूर्ण कुजल्यावरच, म्हणजे पुढच्या वर्षीच्या खतात, वापरावा.