डॉक्टर, चादर बाजूला करा

आजचा विषय जरा अवघड आहे. जेवताना ऐकत असाल तर पॉज करा, नंतर निवांत ऐका.

घरी कोणी गेलं की पहिला फोन फॅमिली डॉक्टरांना जातो. ते येतात, नाडी बघतात, स्टेथोस्कोप लावतात, डोळ्यांत टॉर्च मारतात आणि दाखला लिहितात. हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूसाठी असतो तो फॉर्म ४अ. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो द्यायचा, तोही फी न घेता.

आणि कारणाच्या रकान्यात? बऱ्याचदा ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, तो सगळ्यांचाच थांबतो! का थांबला, ते लिहायचं असतं. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. त्यातही अशी उत्तरं.

खरी गोष्ट चादरीखाली असते. बाथरूममध्ये गॅस गीझर चालू, दार-खिडकी बंद, आत तरुण मुलगी गेलेली. घरचे म्हणतात, हार्ट अटॅक. कार्बन मोनॉक्साइडने रक्त लालभडक होतं, पण सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाही, नखं आणि ओठ उजेडात बघावे लागतात. मण्यारीचा दंश तर त्याहून फसवा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावा होतो, सूज जवळजवळ नसते, खूण टाचणी टोचल्यासारखी. आणि विजेचा शॉक? तळहातावर कधी एवढासा डाग, कधी तोही नाही.

मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळतं, तिथे जांभळट डाग पडतात. काही तासांनी ते पक्के होतात. ‘सकाळपर्यंत पालथेच होते’ असं घरचे सांगतायत आणि डाग पाठीवर आहेत, तर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. पण त्यासाठी पाठ बघायला हवी ना!

मग शिकवत नाहीत का? शिकवतात की. एमबीबीएसला फॉरेन्सिक आहे, बीएएमएसला अगदतंत्राबरोबर विधिवैद्यक आहे. पण ते शिक्षण शवागारातलं. टेबल, लाइट, शेजारी सर. घरी मात्र रात्रीचे दोन वाजलेत, खोलीत वीस माणसं रडतायत, त्यात काकूंच्या अंगावरची साडी कोण बाजूला करणार? माझ्या मते प्रशिक्षण इथेच कमी पडतं. नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर थांबवणं आणि ‘मी सही करू शकत नाही, पोलिसांना कळवावं लागेल’ हे ओळखीच्या घरात शांतपणे सांगणं, याचाही सराव हवा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर कायद्यातच पोस्टमॉर्टेमची तरतूद आहे. तिथे डॉक्टरांच्या भिडेची सही म्हणजे त्या मुलीची शेवटची साक्ष पुसणं.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर डॉक्टर तपासेपर्यंत आंघोळ घालू नका, कपडे बदलू नका. आणि पेसमेकर असेल तर आठवणीने सांगा, तो न काढता दहन केलं तर बॅटरीचा स्फोट होऊ शकतो.