गोव्याचा दाखला कोणासाठी?

(पाली, भाईंदर येथील व्याख्यान)

पालीच्या या किनाऱ्यावरील पोर्तुगीज अंमल मराठ्यांच्या तलवारीने संपला. १७३९ साली वसईही पडली. बळाने मुलूख घेऊ नये असा कायदा त्या काळी नव्हताच. तो आला १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने. म्हणूनच डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरताच सुरक्षा समितीत भारताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरोधी चार. सोव्हिएत नकाराधिकाराने तो अडला.

समाजवाद्यांनी हे झाकू नये. भारताची बाजू न्यायाची होती. लोहियांनी १९४६ साली मडगावला सभाबंदी मोडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सालाझारने वाटाघाटींचे दार अखेरपर्यंत उघडले नाही. तरीही कायद्याला पडलेली फट खरी होती. ती फट वसाहतींच्या जनतेपुरतीच आहे, हे जगाला बजावून सांगण्याचे कर्तव्य भारताचेच होते.

२००३ साली समितीची संमती नसताना अमेरिका इराकमध्ये घुसली. २०२२ साली रशिया युक्रेनमध्ये. मुक्ततेची भाषा दोघांच्याही तोंडी! यांपैकी कोणता देश आक्रमकाची वसाहत म्हणून सुटकेसाठी लढत होता? गोव्याच्या वेळी भारताला तारणारा तोच नकाराधिकार २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने स्वतःच्या आक्रमणाच्या निषेधाविरुद्ध वापरला. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला.