मोजता येणारा आवाज

जुन्या फोर-व्हील जीपचा मालक गॅरेजच्या दारात उभा राहतो आणि एवढंच सांगतो, "हळू चालवली की खालून आवाज येतो." बऱ्याचदा त्याला लगेच उत्तर मिळतं, "क्राऊन-पिनियन गेलं." मग एक्सलचं हाउसिंग उघडलं जातं, दात्यांची ती जोडी बदलली जाते आणि आठवड्याभराने तोच आवाज परत सुरू होतो. आज मला याच आवाजाबद्दल बोलायचं आहे. कमी वेगातला आवाज हा यंत्राने आपल्याला दिलेला सगळ्यात स्पष्ट पुरावा असतो, कारण तो मोजता येतो. ताशी साठच्या वेगाला सगळे ठोके एकमेकांत मिसळतात आणि एक घुमणारा सूर उरतो. पायी चालण्याच्या वेगाला मात्र प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. हा पुरावा मोजण्याआधीच पाना हातात घेणं मला मान्य नाही.

हा विषय आपल्या राज्याला परका नाही. 1947 मध्ये महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. 1953 मध्ये अमेरिकेत आलेलं उंच बॉनेटचं सीजे-3बी हे मॉडेल पुढे इथे अनेक दशकं वेगवेगळ्या इंजिनांसह बनत राहिलं. मारुतीची जिप्सी 1985 साली आली. यातल्या कितीतरी गाड्या आजही भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाटांवर आणि कोकणातल्या बागांमध्ये राबतात. काही वडाप म्हणून माणसं वाहून वाहून थकल्या, तर काही हौशी तरुणांनी भंगारातून उचलून पुन्हा उभ्या केल्या आहेत. या गाड्यांची रचना उघडी आहे. खाली वाकलं की प्रोपेलर शाफ्ट, एक्सल, पाटे, ट्रान्सफर केस असं सगळं नजरेसमोर येतं. म्हणून त्यांचं निदान कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय, कान आणि घड्याळ यांच्या जोरावर होऊ शकतं.

आता मोजणीकडे वळतो. सीजे-3बी जातीच्या जीपच्या क्राऊनला 43 दाते असतात आणि पिनियनला 8. म्हणजे चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत प्रोपेलर शाफ्टचे जवळजवळ साडेपाच फेरे होतात. नेमकं सांगायचं तर 5.375. सोळा इंची रिमवरच्या जुन्या मापाच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. गाडी ताशी 10 किलोमीटरने चालली, तर दहा सेकंदांत चाक 12 वेळा फिरतं आणि शाफ्ट 66 वेळा. हाच वेग ताशी 3 किलोमीटरवर आणला, तर दहा सेकंदांत चाकाचे जवळजवळ चार फेरे होतात आणि शाफ्टचे 20. वीस ठोके कोणालाही मोजता येतात. तुमच्या गाडीला मोठे टायर असतील, तर टायरवर खडूची खूण करा, गाडी एक फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. क्राऊन-पिनियनचं गुणोत्तरही गाडीगणिक बदलतं. ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या आणि आकडा नव्याने मांडा.

मग एक माणूस ताशी 3 किलोमीटरने गाडी चालवतो आणि दुसरा तिच्या बाजूने, चाकांपासून अंतर राखून, घड्याळ घेऊन चालतो. दहा सेकंदांत चार ठोके आले, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत शोधायचा: ड्रम, हब, टायर किंवा एक्सल शाफ्ट. वीसच्या आसपास आले, तर दोष पिनियनमध्ये किंवा त्याच्या पुढे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या बाजूला आहे. त्याहून जलद आले, तर गिअर बॉक्सकडे पाहायचं. गाडी एकाच वेगाला ठेवून गिअर बदलल्यावर लय बदलली, तर ही शंका पक्की होते, कारण चाक आणि शाफ्ट यांना गिअर कोणता आहे याने फरक पडत नाही. एवढ्या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते, आणि खर्च शून्य. इतक्या कमी वेगासाठी ट्रान्सफर केस लोमध्ये टाकावा लागतो. या जीपमध्ये लो फक्त फोर-व्हीलमध्येच पडतो, म्हणून ही चाचणी डांबरावर घ्यायची नाही, मोकळ्या मातीच्या मैदानावर घ्यायची. लोमध्ये दात्यांचा एक अखंड सूर ऐकू येतो. तो त्या गिअरचा स्वभाव आहे, त्याची चिंता नको.

लय नसलेले आवाज वेगळे. गाडी सुटताना एकदाच 'टक', थांबताना एकदाच 'टक', रिव्हर्सला घेताना पुन्हा एकदा. असा ठोका फिरण्यातून येत नाही, ताण उलटण्यातून येतो. साखळीत कुठेतरी मोकळेपणा आहे आणि ताणाची दिशा बदलली की तो मोकळेपणा एका झटक्यात पार होतो. इथे संशयित बरेच आहेत. प्रोपेलर शाफ्टच्या यू-जॉइंटमधला क्रॉस झिजलेला असू शकतो, स्लिप जॉइंटच्या खाचा झिजलेल्या असू शकतात, गिअर बॉक्सचं फाउंडेशन फाटलेलं असू शकतं. पण माझा आग्रह आहे की सुरुवात एक्सल पाट्याला बांधणाऱ्या यू-बोल्टपासून करा. यू-बोल्ट ढिले झाले की पाट्यावरचा एक्सल किंचित सरकतो आणि तो ठोका हुबेहूब क्राऊन-पिनियनसारखा ऐकू येतो. एका शेतकऱ्याच्या ओझं वाहणाऱ्या गाडीत क्राऊन-पिनियनची नवी जोडी बसवल्यावरही ठोका तसाच होता. पाट्याखालचे चार नट आवळल्यावर तो गेला. त्या माणसाचे किती पैसे वाया गेले याचा विचार आला की आजही मला संताप येतो.

मोकळेपणा कुठे आहे हे हाताने शोधता येतं. सपाट जागेवर चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रलला आणा आणि हँडब्रेक सोडा. मग खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसच्या दोन बाजूंची टोकं वेगवेगळी हलली, तर क्रॉस संपला. शाफ्ट हलतो पण पिनियनचं फ्लँज हलत नाही, तर दोष स्लिप जॉइंटच्या खाचांत आहे. फ्लँज शाफ्टसोबत हलतं आणि चाक स्थिर राहतं, तेव्हाच क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवायचं. तिथेही थोडी मोकळीक असायलाच हवी. दाते अगदी घट्ट बसले तर तापून जळतील. ही मोकळीक एका मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकी असते आणि ती डायल गेजने मोजतात, अंदाजाने नाही. क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकत्र घासून तयार केलेली असते. चांगली बसलेली जोडी उगाच उघडली आणि शिमा चुकल्या, की जो आवाज आधी नव्हता तोही सुरू होतो.

इथे जिवाचा प्रश्न येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. विलीज पद्धतीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसमधून मागे निघणाऱ्या शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर असतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमधून ते चाक मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाकसुद्धा धरलं जात नाही. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. तसंच फोर-व्हील लावून एक चाक वर ठेवून इंजिन चालू करणं म्हणजे जमिनीवरच्या चाकांनी गाडी जॅकवरून खाली ओढण्याला वाव देणं. गाडीखाली जाताना दगड आणि स्टँड हवेतच. घाई असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

आता कुरकुरीकडे वळू. गाडी सुटताच चिमणीसारखी 'चिक-चिक' सुरू होते आणि वेग वाढला की विरते. हा कोरडा पडलेला क्रॉस. त्याच्या टोप्यांपाशी तांबूस भुकटी दिसली तर खात्री समजा. आत सुया गंजून दळल्या जात आहेत. ग्रीस गन लावल्यावर चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर डोकावलं पाहिजे. तीनमधून आलं आणि चौथीतून आलं नाही, तर चौथी कोरडीच राहिली आणि क्रॉस तिथूनच मरतो. प्रोपेलर शाफ्ट कधी सुटा केला, तर परत जोडताना दोन्ही तुकड्यांवरच्या बाणाच्या खुणा समोरासमोर आणायला विसरू नका. यू-जॉइंट कोनात वाकलेला असताना शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दोन टोकांचे जॉइंट नीट जुळलेले असले, तर एकाची चूक दुसरा खोडतो. खुणा चुकल्या की चुकांची बेरीज होते. हल्ली लांब शॅकल लावून गाडी उंच करायची फॅशन आहे. तिने हा कोन वाढतो. 20 अंशांच्या कोनात वेगाचा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे सहा टक्के होतो, आणि चढावर गाडी सोडताना सगळी बॉडी थरथरते. उंच गाडी दिसायला रुबाबदार असते हे मी नाकारत नाही, पण तिचा क्रॉस आधी जाणार हे ठरलेलं आहे.

वळणावर येणारा आवाज हा फोर-व्हीलचा खास विषय. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. मातीत चाक जरासं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर टू-व्हीलमध्ये यायला तयार नसते, आणि मग कुठलं तरी चाक घसरून 'धाड्' असा आवाज येतो. अशा वेळी काहीही तुटलेलं नसतं. गाडी सरळ थोडी मागे घ्या, पीळ सुटेल, लिव्हर बोटाने येईल. पण ही सवयच राहिली तर एक दिवस खरंच काहीतरी तुटेल. पुढच्या आणि मागच्या टायरच्या झिजेत मोठा फरक असेल, तर सरळ रस्त्यावरसुद्धा हाच पीळ साठतो.

मातीत, फोर-व्हीलमध्ये, पूर्ण वळणावर 'कट-कट' असा लयबद्ध आवाज आला, तर मात्र पुढच्या एक्सलच्या टोकाचा जॉइंट झिजला आहे. फ्री-व्हील हब असतील तर ते मोकळे करून टू-व्हीलमध्ये तेच वळण घ्या. आवाज गेला, तर उत्तर मिळालं. हब नसतील, तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांनी खोलून बाजूला ठेवा आणि टू-व्हीलमध्ये गाडी चालवून पाहा. तरीही आवाज येत असेल तर तो शाफ्ट निर्दोष आहे.

घरघरीसाठी एकच प्रश्न विचारायचा: ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिचा सूर बदलतो का? बदलत असेल तर दाते किंवा पिनियनचं बेअरिंग. बदलत नसेल तर चाकाचं बेअरिंग. पुढचं चाक स्टँडवर घेऊन वर-खाली धरून हलवा, आणि हलत असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर मोकळीक बेअरिंगची. तरीही हलत असेल तर ती किंगपिनची. ब्रेकच्या घासण्याबद्दल फार बोलत नाही; ड्रम काढला की ते दिसतंच.

शेवटी पाण्याबद्दल. आपल्याकडचे यातले बरेचसे आवाज पाण्यातून जन्मतात. चालून तापलेलं हाउसिंग थंड ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर मातीने बुजलेला असेल, तर ती पोकळी ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात, आणि घरघर दिवाळीनंतर ऐकू येते. तोपर्यंत पावसाळा कोणालाच आठवत नसतो. आज वैशाख आहे, पाऊस महिन्याभरावर आला आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी या आठवड्यात ब्रीदर साफ करा, दोन्ही हाउसिंगचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल तपासा, क्रॉसला ग्रीस भरा, यू-बोल्ट आवळा. आणि गॅरेजात गेलात तर मिस्त्रीला दहा सेकंदांतल्या ठोक्यांचा आकडा आधी सांगा, पाना नंतर उचलू द्या.