लोकरीचे विणकाम : एक जोडधंदा



जोडधंदा म्हटलं की आपण कोंबड्या नाहीतर दुभतं जनावर धरतो. आज मी लोकरीच्या विणकामाबद्दल बोलणार आहे. आमचा माण तालुका कमी पावसाचा. माळावर दख्खनी मेंढरं फिरतात, वर्षातून दोनदा त्यांची कातरणी होते. पूर्वी ही लोकर सनगरांच्या मागावर जाई आणि तिची घोंगडी होत. आता घोंगड्याचा खप घटला. पुष्कळ ठिकाणी लोकरीचे पैसे कातरणीच्या मजुरीलासुद्धा पुरत नाहीत.

म्हणून आम्ही सात जणींनी बचत गटातून कानटोप्या विणायला घेतल्या. धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्या बाया सूत कातून देत, आम्ही विणत असू. एका टोपीला विणणारीला मी साठ रुपये देत होते. गरीब बायकांना घरबसल्या काम दिलं, असं मला फार वाटे. पण कांद्याची लावणी आली की गटात कोणी फिरकेना. मला राग यायचा. बायकांना धंद्याची चिकाटी नाही, असं मी चारचौघीत बोलूनही दाखवलं.

मग एकदा ऑर्डर अडली आणि मी स्वतःच विणायला बसले. घड्याळ समोर होतं. टाके घालण्यापासून ते बंद करेपर्यंत एका टोपीला सहा तास गेले. म्हणजे तासाला दहा रुपये! कांद्याच्या वाफ्यात त्याच बाईला त्याच्या चौपट मिळत होते. चिकाटी कमी नव्हती, बरं का, माझा दर खोटा होता.

तेव्हा तुम्ही सुरुवात करताना आधी घड्याळ लावून एक नग विणा आणि तास वहीत मांडा. मजुरी आपल्या गावच्या शेतमजुरीच्या दराने धरा. समजा आठ तासांच्या दिवसाला 320 रुपये दर आहे, तर तासाचे झाले 40. टोपी विणायला सहा तास, 240 रुपये. तेवढं सूत कातायला दोन तास, 80 रुपये. हे कातणं बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत, कारण ते म्हातारीनं बसल्या बसल्या केलेलं असतं. लोकर, धुणं, पिंजणं 30; प्रवास आणि किरकोळ 20; गटाचा वाटा 30. टोपी 400 रुपयांना पडली. त्याखाली विकली तर तोटा कोणीतरी सोसतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे विणणारी.

आता हाच हिशेब स्वेटरला लावून पाहा. मोठ्या माणसाच्या स्वेटरला आमच्याकडे विणायला 45 तास आणि कातायला 12 तास लागतात. नुसती मजुरीच 2,280 रुपये झाली. आठवडी बाजारातल्या यंत्रावरच्या स्वेटरशी त्याची गाठ पडायची नाही. म्हणून स्वेटर आधी हातात घेऊ नका. टोपी, मफलर, बसायची आसनं, पिशव्या असे लहान नग घ्या. स्वेटर कोणी मुद्दाम सांगितला आणि अर्धे पैसे आगाऊ दिले, तरच करा.

दख्खनी लोकर जाडीभरडी, अंगाला टोचते. हे गिऱ्हाइकापासून लपवू नका. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ असते. टोपीला जावळच वापरा, आतून सुती अस्तर लावा, आणि मेंढपाळाला जावळाचा भाव वेगळा द्या. उरलेली जाडी लोकर आसनांना उत्तम. काळा, पांढरा, करडा हे रंग मेंढीच देते, त्यांच्याच पट्ट्यांनी नक्षी उठते. रंगाचा खर्च नाही. नवा नमुना जिला सुचला तिचं नाव आम्ही वहीत लिहितो, आणि त्या नमुन्याच्या प्रत्येक नगामागे तिला पाच रुपये जास्त देतो. त्यापासून नमुने निघायला लागले.

धुताना पाणी कोमट हवं, त्यात रिठे घाला. कढत पाण्यात लोकर चोळली की तिचा नमदा होतो, मग सुईला येत नाही. धुऊन पिंजून वजन घटतं, म्हणून भाव काढताना तयार लोकरीचंच वजन धरा.

बाजारातून सूत आणलंत तर धागा जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांनी चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. ॲक्रिलिक विणायला हरकत नाही, पण ते लोकर म्हणून विकू नका.

उधारीबद्दलही सांगते. शहरातल्या एका दुकानदाराने आमच्या 40 टोप्या 'विकल्यावर पैसे' म्हणून ठेवून घेतल्या. सात महिन्यांनी 16 परत आल्या, कसर लागलेल्या. बायकांचे पैसे मी घरातून भरले, त्यासाठी एक शेळी विकली. आता आम्ही थोडा माल देतो आणि पैसे हातात घेतो. शिल्लक मालाला ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून बांधून ठेवतो.

धंद्याची उद्यम नोंदणी 2020 पासून संगणकावर होते. तिला आधार क्रमांक लागतो, सरकारी फी नाही. करून देतो म्हणून कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका.

येत्या कातरणीला दोन-तीन मेंढ्यांचीच लोकर बाजूला काढा. तेवढ्यात पाच-सहा टोप्या होतील आणि आपल्या हाताला किती तास लागतात ते कळेल. मग किती बायकांना बोलवायचं ते ठरवा.