बाद पद्धत मैदानावरच राहू द्या
(वडखळ येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या मास्तराने फुटबॉलवर बोलावे, याचे काही पालकांना नवल वाटेल. "सर, पोरं आधीच भात कापलेल्या शेतात दिवस घालवतात आणि तुम्ही त्यांना आणखी चढवता," असे याच वडखळ नाक्यावर एका चाचांनी मला सुनावले होते. त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच आज खेळाची गोष्ट सांगत सांगत मी अभ्यासाकडे येणार आहे.

आपल्या मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. कूपरेजच्या मैदानावर तिचे सामने पाहायला हजारो लोक लोटत. देशभरातील नामांकित संघ तिथे येत. स्पर्धा बाद पद्धतीची. म्हणजे हरला तो घरी गेला. सोळा संघ असले तर पंधरा सामन्यांत पंधरा संघ बाद होतात आणि एकच उरतो.

सुरुवातीची अनेक वर्षे हा चषक गोऱ्या पलटणींकडेच जात होता. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. अखेर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. रोव्हर्स जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने तो कलकत्त्याला नेला.

पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा चषक आपल्याकडे ठेवला. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. मित्रहो, हे रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर! खेळाडूचा एक पाय कच्चा असेल तर ते त्याला बाहेर काढत नसत. केवळ कच्च्या पायानेच खेळायचे, असे सामने ते भरवीत. त्यांच्याच हाताखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून परतला.

आता हरलेल्यांचे पुढे काय झाले, तेही ऐका. १९२३ साली हरलेल्या मोहन बागानने १९५५ साली रोव्हर्स जिंकला. त्या अंतिम सामन्यात मोहमेडन स्पोर्टिंग हरला होता. पण लगेच पुढच्या वर्षी, १९५६ साली, चषक मोहमेडनच्या हातात होता. बाद झालेला संघ त्या वर्षापुरताच बाद होतो. क्लब बंद करून कोणी घरी बसत नाही.

पालकहो, आपण मात्र घरात याहून कडक नियम लावतो. माझ्या वर्गातला एक मुलगा गणितात नापास झाला. आठ दिवसांत तो गॅरेजवर कामाला लागला. मी घरी गेलो, तेव्हा वडील म्हणाले, "सर, त्याच्या नशिबात शिक्षण नाही." एका विषयाच्या पस्तीस गुणांवरून नशीब ठरले! मुलगी असली तर तिला घरी बसवतात आणि स्थळे पाहायला लागतात. त्या वेळी मीही दुसऱ्यांदा त्यांच्या दारी गेलो नाही, ही चूक मी आपल्यासमोर कबूल करतो.

दहावीत विषय राहिला तर मंडळाची फेरपरीक्षा त्याच वर्षी होते. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. दारे उघडी आहेत. मुलांना तिथपर्यंत नेणारे कोणीतरी हवे. आपल्या घरात असे मूल असेल तर उद्या त्याला घेऊन शाळेत या.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही कच्चा पाय लपवू नका. गणित कच्चे असेल तर रोज तासभर गणितच करा. मग संध्याकाळी खुशाल मैदानावर जा. चाचांची समजूत मी घालीन.

रोव्हर्स स्पर्धा २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. तिचा चषक आता कोणाला जिंकता येणार नाही. परंतु तुमची परीक्षा पुन्हा येणार आहे. तिच्या तयारीला लागा.

खुदा हाफिज.