आकाशातलं अनोळखी काही

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपूरसह विदर्भात अनेकांनी पेटत्या रेघा आकाश चिरत जाताना पाहिल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं.

हा उलगडा लवकर झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं खगोलतज्ज्ञांनी सांगितलं.

प्रत्येक वेळी असं होत नाही.

14 नोव्हेंबर 2004 रोजी अमेरिकी नौदलाचे वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर यांना कॅलिफोर्नियाजवळ समुद्रावर एक पांढरी, लांबट वस्तू दिसली. पंख नाहीत, धूर नाही. त्यांचं विमान जवळ जाताच ती क्षणात दिसेनाशी झाली. त्याच दिवशी दुसऱ्या विमानातून टिपलेलं चित्रीकरण पेंटागॉनने 2020 मध्ये अधिकृतपणे खुलं केलं. पुढच्या वर्षीच्या सरकारी अहवालात अशा 144 नोंदी होत्या. खात्रीने उलगडली ती एकच, हवा गळणाऱ्या मोठ्या फुग्याची.

भारतातही 19 नोव्हेंबर 2023 रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली. उड्डाणं थांबली, राफेल विमानांनी शोध घेतला. हाती काही लागलं नाही.

श्रोतेहो, आकाशात असं काही दिसलं तर वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसलं ते लिहून ठेवा. जमिनीवर तुकडा सापडला, तर हात न लावता पोलिसांना कळवा.